सापाची ‘लस’ आधीच का टोचून घेत नाहीत? एका शब्दाची कुळकथा

पाऊस सुरू झाला की मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते: ‘आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नाही’. गाव बदलतं, तालुका बदलतो, मथळा तोच. ती वाचून एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, की गोवराची लस बाळाला गोवर येण्याआधी देतात, करोनाचीही आधीच दिली, मग पेरणीच्या तोंडावर अख्ख्या गावाला सापाची लस टोचून का ठेवत नाहीत, तर त्याला हसू नये. ‘लस’ या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला हाच प्रश्न पडायला हवा.

उत्तर एका ओळीचं आहे. सापाच्या विषावर जे देतात ती लस नसतेच. पण मग सगळे तिला लस का म्हणतात? बातमीदाराची चूक म्हणून हा विषय मिटवता येईल, पण मला ते पटत नाही. या चुकीच्या पोटात सव्वादोनशे वर्षांची गोष्ट आहे. तिच्यात एक गाय आहे, एक माळी आहे, बहुधा एक घोडा आहे आणि मुंबईतली तीन वर्षांची एक मुलगीही आहे.

## आधी लस करते काय ते पाहू

बाहेरून शिरलेल्या जंतूशी शरीर झुंजतं. त्यासाठी ते रक्तात विशिष्ट प्रथिनं तयार करतं, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. ही शरीराची हत्यारं, आणि प्रत्येक जंतूसाठी वेगळी घडवावी लागणारी. अडचण अशी की नव्या जंतूची ओळख पटवून त्याच्या मापाचं हत्यार घडवायला शरीराला काही दिवस लागतात आणि काही रोग तेवढी सवड देत नाहीत.

लस म्हणजे तालमीतला जोडीदार. खरा पैलवान समोर येण्याआधी त्याच्यासारखेच डाव टाकणारा, पण हाड न मोडणारा गडी. हा गडी मेलेला जंतू असेल, अशक्त केलेला असेल, जंतूचा नुसता तुकडा असेल, नाहीतर तो तुकडा कसा बनवायचा याची चिठ्ठी असेल. करोनाच्या एमआरएनए लशींत ही चिठ्ठीच होती. त्याच्याशी झटापट करून शरीर डाव शिकतं आणि लक्षात ठेवतं.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, शिकायला वेळ लागतो, म्हणून लस शक्यतो आधी द्यायची. दोन, हत्यार शरीर स्वतः घडवतं, लस ते पुरवत नाही. पुढे साप परत येईल तेव्हा या दोन्ही लागणार आहेत.

गंमत अशी की जगातल्या बहुतेक भाषांत या वस्तूला जी नावं आहेत त्यांत यातलं काहीच नाही. शिकणं नाही, आठवण नाही, झुंज तर नाहीच. कारण नावं पडली तेव्हा जंतू कुणी पाहिले नव्हते. डोळ्यांना जे दिसलं तेच नाव झालं, आणि प्रत्येक भाषेची नजर वेगळीकडे गेली.

## मराठीने पाहिलं ते फोडातलं पाणी

जखम चिघळली की तिच्यातून चिकट, पातळ पाणी येतं. ‘जखमेतून लस येतेय’ असं आपण अजून म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच. त्याचं संस्कृत नातलग ‘लसीका’ चरकसंहितेत भेटतं. शरीरातल्या पाण्याचा हिशेब मांडताना तिथे म्हटलंय, की त्वचेच्या आतलं जे पाणी व्रणात येतं त्याला लसीका हे नाव मिळतं. आजही मराठी शरीरशास्त्राच्या पुस्तकात काखेतल्या आणि मानेतल्या गाठींना लसीका ग्रंथीच म्हणतात.

हे काही कुणाला हौसेने अंगात घालून घ्यावंसं वाटेल असं द्रव्य नाही. ते औषध झालं ते देवीच्या रोगामुळे.

देवी येणं म्हणजे ताप आणि अंगभर पाण्याने, मग पुवाने भरलेले फोड. दहा जणांतले दोन-तीन दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत, काहींचे डोळे जात. पण एक गोष्ट सगळ्या जगाला अनुभवाने ठाऊक होती, ती म्हणजे एकदा येऊन गेलेली देवी परत येत नाही. मग कुणीतरी विचार केला असणार, की येणारच आहे तर बेताने का येऊ नये? सौम्य देवी आलेल्याच्या फोडातलं पाणी किंवा खपली घ्यायची आणि धडधाकट माणसाच्या कातडीत चरा काढून तिथे भरायची. चीनमध्ये खपल्यांची पूड नाकात फुंकत. बंगालमध्ये हे काम करणारे टीकादार गावोगाव हिंडत, त्यांच्या पद्धतीचं वर्णन हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये छापलं. तुर्कस्तानात म्हाताऱ्या बायका सुई घेऊन येत.

याने आलेली देवी बहुतेक वेळा सौम्य असे. तरी ती खरीच देवी. शंभरात एक-दोन जण त्यानेच मरत, आणि टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्याला अस्सल देवी होऊ शके. जोडीदार म्हणून तालमीत आणलेला हा गडी खराच पैलवान होता, फक्त त्याला जरा अडचणीच्या दारातून आत घेतलेलं.

## माळ्याने दिलेला शब्द

इथे या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग येतो.

१७१७ मध्ये तुर्कस्तानातल्या इंग्रज राजदूताची बायको, लेडी मेरी वर्टली माँटेग्यू, हिने एड्रिआनोपलहून मैत्रिणीला पत्र लिहिलं. तिथल्या बायका देवी कशी टोचतात ते तिने कौतुकाने कळवलं. त्यासाठी तिने वापरलेला शब्द होता कलम करणं. तुर्की लोकही तेच म्हणतात, त्यांच्या भाषेत ‘आशी’ म्हणजे झाडाचं कलम आणि ‘आशी’ म्हणजेच लस. चार वर्षांनी, १७२१ मध्ये, लंडनला देवीची साथ आलेली असताना तिने स्वतःच्या मुलीला टोचून घेतलं.

इंग्रजीत या टोचण्याला जो भारदस्त शब्द रुळला तो ‘इनॉक्युलेशन’. हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते, पण त्याचा जन्म बागेतला. लॅटिनमध्ये ‘ऑक्युलुस’ म्हणजे डोळा. झाडाच्या अंकुरालाही तिथे डोळाच म्हणत, आणि ‘इनॉक्युलारे’ म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडात बसवणं. आता हे मराठी माणसाला समजवायला काही लागतच नाही. संत्र्या-मोसंबीची रोपं करणारा माणूस खुंटाच्या सालीला चीर देतो, जातिवंत झाडाचा डोळा काढून त्या चिरेत सरकवतो, वरून पट्टी बांधतो आणि म्हणतो, ‘डोळा भरला’. उसाच्या कांडीवरही आपण डोळेच मोजतो. इंग्रजी डॉक्टरांचा हा शब्द मराठीत आणायचा झाला तर ‘डोळा भरणे’ हे त्याचं अक्षर न अक्षर जुळणारं भाषांतर आहे आणि ते नर्सरीत रोज वापरात आहे.

उपमा वरवरची नाही. सालीला चीर, कातडीला चीर. आत बाहेरून आणलेला इवलासा जिवंत कण. वर पट्टी. मग चार दिवस वाट पाहणं. डोळा फुटला की कलम जमलं, फोड उठला की टोचणी लागू पडली. जंतू न पाहिलेल्या माणसांनी याहून नेमकं काय म्हणायचं होतं?

युरोपभर माळ्याने हा शब्द पुरवला. जर्मन ‘इम्फुंग’, डच ‘इनएंटिंग’, पोलिश ‘श्चेपिओन्का’, हंगेरियन ‘ओल्ताश’, रशियन ‘प्रिविव्का’, या सगळ्यांच्या मुळाशी झाडाचं कलम आहे. अरबीने खजुराच्या बागेत पाहिलं. खजुरात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी, म्हणून परागकण माणसाने नेऊन घालावे लागतात. त्या क्रियेच्या धातूपासून आलेला ‘लकाह’ हा शब्द आज लशीसाठी आहे. चिनी भाषेत देवी टोचण्याला देवी ‘पेरणं’ म्हणत, आणि आजच्या लशीला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ साथीचं रोप. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या एवढ्या लोकांना बागच आठवावी, याचं मला अजून नवल वाटतं.

शेतीतच वाढलेल्या मराठीला मात्र इथे बाग आठवली नाही, तिने फोडाकडेच पाहिलं. या बाबतीत आपले खरे सोबती आइसलँडचे लोक. त्यांच्या भाषेत लशीला ‘बोलुएफ्नी’ म्हणतात, म्हणजे फोडाचं द्रव्य.

## गाय कुठून आली

इंग्लंडमधल्या बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेनर यांनी तरुणपणी देवी टोचण्याची कामं केलेली होती. दूध काढणाऱ्या बायकांना गाईच्या सडांवरच्या फोडांची लागण हाताला होते आणि मग त्यांना देवी येत नाही, ही त्या भागातल्या शेतकऱ्यांची समजूत होती. १४ मे १७९६ या दिवशी जेनरनी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचलं. जेम्सचा बाप जेनरच्या बागेत काम करी. माळी इथेही आलाच. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचं पाणी टोचून पाहिलं, देवी उठली नाही. (आज असा प्रयोग करणाऱ्याला कुठलीही समिती दारात उभं करणार नाही.)

१७९८ मध्ये जेनरनी पुस्तिका छापली. तिच्यात या रोगाला त्यांनी लॅटिन नाव दिलं, ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’. व्हॅक्का म्हणजे गाय, म्हणून अर्थ झाला गाईच्या देवी. पुढे १८०० मध्ये प्लिमथचे शल्यवैद्य रिचर्ड डनिंग यांनी या टोचण्याला ‘व्हॅक्सिनेशन’ म्हटलं. म्हणजे शब्दशः ‘गाय टोचणं’ म्हणा ना.

त्यानंतर काही काळ इंग्रजीत हे दोन शब्द दोन पक्षांसारखे नांदले. ‘इनॉक्युलेशन’ म्हणजे माणसाच्या देवी टोचणं, जुनं आणि जोखमीचं. ‘व्हॅक्सिनेशन’ म्हणजे गाईच्या, नवं आणि सौम्य. १८४० मध्ये इंग्लंडने पहिल्यावर कायद्याने बंदी घातली. मराठीत दोन्हींना ‘देवी टोचणं’च म्हणत राहिले, त्यामुळे हा भेद आपल्या बोलण्यातून निसटला.

गाईचा शब्द पसरला तो कागदावरून नव्हे, माणसांच्या अंगावरून. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. लस ताजी ठेवायची एकच खात्रीची जागा होती, दुसऱ्या मुलाचा दंड. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून डॉक्टर बाल्मिस यांचं जहाज अमेरिकेकडे निघालं, त्यात बावीस अनाथ मुलं होती. एकाच्या फोडातलं पाणी पुढच्याला टोचायचं, त्याचा फोड भरला की त्याच्या पुढच्याला. असा मुलांचा साकव करून लस समुद्रापार गेली. स्पॅनिशमध्ये लशीला आजही ‘व्हाकुना’ म्हणतात, आणि ‘व्हाका’ म्हणजे गाय हे स्पॅनिश बोलणाऱ्याला सांगावं लागत नाही. जपानी ‘वाकुचिन’ म्हणतात तेव्हा मात्र गाय कुणाला ऐकू येत नाही, त्यांनी तो शब्द जर्मनकडून तयार घेतला.

## मुंबई, १४ जून १८०२

बाल्मिसच्या आधीच लस आपल्याकडे पोचली होती. व्हिएन्नाचे डॉक्टर झां द कारो यांच्याकडून ती कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचलं आणि तिथून ती पुण्याला, सुरतेला, मद्रासला गेली. दक्षिण आशियातल्या लसीकरणाची पाळंमुळं या एका दंडापर्यंत जातात.

आता त्या काळचे इंग्रज डॉक्टर या द्रव्याला काय म्हणत? त्यांच्या कागदांत ‘व्हॅक्सिन लिम्फ’ असं येतं, आणि बहुधा नुसतं ‘लिम्फ’. लिम्फ म्हणजे अंगातलं पातळ, स्वच्छ पाणी, तंतोतंत आपली लस. इंग्रजीने या जोडशब्दातलं ‘लिम्फ’ पुढे टाकून दिलं आणि गाय ठेवली. मराठीने गाय सोडली आणि पाणी ठेवलं. एकच शब्द दोघांनी वाटून घेतला म्हणायचा.

आपण एकटे नाही. गुजरातीत लशीला ‘रसी’ म्हणतात, आणि रसी म्हणजे पू. कन्नडमध्ये ‘लसिके’. हिंदीने आणि बंगालीने आणखी वेगळं पाहिलं, टोचल्यावर उरणारी खूण. आपल्या टिळ्याच्या आणि टिकलीच्या कुळातला तो ‘टीका’. सरकारी फलकावर ‘टीकाकरण’ वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो, कारण आपल्याकडे टीका करायला सुई लागत नाही. तमिळने फोड, गाय, खूण सगळं बाजूला ठेवून ‘तडुप्पूसि’ म्हटलं, अडवणारी सुई. कामावरून नाव देणाऱ्या मोजक्या भाषांत ती बसते.

## दावं सोडलं पाश्चरने

१८८१ पर्यंत व्हॅक्सिन म्हणजे फक्त गाईच्या देवी. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे आणि मग मेंढरांच्या काळपुळीचे जंतू अशक्त करून टोचले आणि तेच फळ मिळवलं. त्या वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी सुचवलं, की जेनर यांच्या सन्मानार्थ या सगळ्या टोचण्यांना व्हॅक्सिनेशनच म्हणावं. गाईचा तिथे काडीचा संबंध नव्हता. शब्द दाव्यातून सुटला आणि कुठल्याही रोगाच्या शेतात शिरायला मोकळा झाला.

मराठी ‘लस’ही अशीच सुटली, आणि त्यात मुंबईच्या प्लेगचा मोठा वाटा असणार. १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत मटणाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, त्यांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली उतरत. मग उष्णतेने ते जंतू मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ते द्रव्य आधी स्वतःला टोचून घेतलं. यात कुणाच्याही फोडातलं पाणी नव्हतं. तरी लोकांनी तिला ‘प्लेगची लस’ म्हटलं, आणि त्या वापरात शब्दातला फोड हळूहळू विरून गेला.

## ‘पण ती गायच होती ना?’

इथे जरा शरमेची गोष्ट आहे. १९०२ साली अमेरिकेत तयार झालेल्या देवीच्या लशीचा एक जुना नमुना संशोधकांनी तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यातल्या विषाणूचा मुख्य भाग घोड्यांच्या देवीच्या विषाणूशी ९९.७ टक्के जुळत होता. गाईच्या नव्हे. जेनरनाही घोड्याचा संशय होताच. घोड्याच्या खुराशी होणारा फोडांचा रोग, त्याची मलमपट्टी करून न धुतलेल्या हातांनी दूध काढणारे गडी, आणि तिथून गाईला लागण, अशी साखळी त्यांनी स्वतःच मांडली होती. तेव्हा जगभर पसरलेल्या या शब्दातली गाय कदाचित मधली वाटसरू असेल. शब्दकोशातून तिला आता कोण काढणार!

## ‘म्हणजे आजच्या लशीत गाईचं काही असतं का?’

२०२१ मध्ये कोव्हॅक्सिनवरून हा वाद समाजमाध्यमांवर पेटला होता. त्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला: विषाणू ज्या पेशींत वाढवतात त्या पेशी वाढवायला वासराच्या रक्तातलं द्रव्य वापरतात, नंतर त्या पेशी धुतल्या जातात आणि तयार लशीत ते द्रव्य नसतं. पेशी पोसण्याची ही पद्धत जगभर जुनी आहे. तेव्हा ‘व्हॅक्सिन म्हणजे गाय, म्हणून लशीत गाय’ हा तर्क ‘तेल म्हणजे तिळाचं, म्हणून खोबरेलात तीळ’ यासारखा आहे. तेल हा शब्द तिळावरूनच आलाय, हे खरंच.

एक अपवाद मात्र गमतीचा. बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण असतो. ती क्षयाची लस ज्या जंतूपासून केली तो मूळचा गाईच्या क्षयाचा. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंचांनी तेरा वर्षं, दोनशे तीस वेळा तो नव्याने वाढवत वाढवत मवाळ केला. म्हणजे गाय नावाला जागली, पण तिथेही योगायोगाने. यातल्या काल्मेतना विसरू नका.

## ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं की’

अर्धं खरं आहे. माणसाच्या देवी टोचणं आपल्याकडे होतं आणि पश्चिमेने ते पूर्वेकडूनच घेतलं, यात वाद नाही. पण जुन्या संस्कृत ग्रंथात गाईच्या सडावरच्या देवी टोचायला सांगितल्यात, असा जो श्लोक फिरतो त्याचा माग डॉमिनिक वुजास्टिक या संस्कृत आणि वैद्यकाच्या अभ्यासकाने घेतला. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील दाव्यांपर्यंत जातो, त्यापलीकडे हस्तलिखितांत काही सापडत नाही. लोकांनी नवी लस घ्यावी म्हणून तिला जुनं रूप देण्याची ती सद्हेतूची लबाडी होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. नव्या औषधाला जुना श्लोक जोडला की ते गळी उतरतं, हे तेव्हाही कुणाला तरी ठाऊक होतं.

## ‘असेना का शब्द चुकीचा, काय बिघडतं?’

बहुतेक वेळा काहीच नाही. पण शब्द लोकांच्या डोक्यात खाणाखुणा ठेवून जातो. लस म्हणजे टोचायची वस्तू असं बसलं, म्हणून पोलिओचे थेंब पाजणारी आई म्हणते ‘डोस पाजला’. ती लस आहे हे कितीकांना वेगळं सांगावं लागतं. तमिळमधली सुईही या थेंबांपाशी अडखळतच असेल. उलट गंजका खिळा लागल्यावर आपण ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ घेतो आणि त्याला उपचार समजतो. ती खरी लस आहे. तिचं काम शरीराला जुना डाव आठवून द्यायचं. पूर्वी कधीच न घेतलेल्याला खोल, मातीने भरलेली जखम झाली तर नुसत्या तिच्यावर भागत नाही, तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात.

कुत्रा चावल्यावरची लस हा सगळ्यात घोटाळ्याचा प्रकार, कारण ती चावल्यानंतर देतात आणि तरी ती लसच आहे. हे जमतं ते रेबीजच्या विषाणूच्या संथपणामुळे. तो मज्जातंतूंवरून मेंदूकडे सरकायला बहुधा काही आठवडे घेतो, आणि तेवढ्यात शरीर शिकून तयार होतं. दात कातडी फोडून आत गेले असतील तर शिकेपर्यंतच्या दिवसांसाठी जखमेत तयार प्रतिपिंडंही भरतात. चावल्यावर घेतली तरी चालते ही समजूत कुत्र्यामुळे झाली, आणि तीच माणसं सापाकडे वळवतात.

## आता साप

सापाचं विष आठवडे देत नाही, काही तासांत काम करतं. शिकायला सवड नाही, म्हणून हत्यारं आयती आणावी लागतात. ती घोड्याकडून येतात. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोडं, वाढवत वाढवत देतात. घोड्याचं शरीर डाव शिकतं, प्रतिपिंडं घडवतं. मग त्याचं रक्त काढून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात, उरलेल्या पिवळसर पाण्यातून प्रतिपिंडं शुद्ध करून बाटलीत भरतात. याचं नाव प्रतिविष. १८९० च्या दशकात नागाच्या विषावर ते पहिल्यांदा तयार करणाऱ्यांत होते तेच अल्बेर काल्मेत, बीसीजीवाले. खरी लस आणि ‘लस’ म्हणवणारी, दोन्हींवर एकाच माणसाची मोहोर आहे.

शेतकऱ्याचा प्रश्न इथे सुटतो. घोड्याची प्रतिपिंडं आपल्या अंगात उसनी असतात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ती संपतात आणि आपलं शरीर त्यांतून काही शिकलेलं नसतं. पेरणीआधी टोचली तर कापणीपर्यंत पुरणार नाहीत. शिवाय घोड्याची प्रथिनं काहींच्या अंगावर उठतात, क्वचित जिवावर बेततात, म्हणून विष चढल्याची लक्षणं दिसल्यावर डॉक्टरांच्या नजरेखालीच ती देतात. साप चावला की मांत्रिक नको, चिरा नको, घट्ट बांधणं नको, दवाखाना गाठायचा तो यासाठी.

रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या अशाच पिवळसर पाण्याला सीरम म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव यावरूनच. १९६६ मध्ये ती निघाली ती पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांच्या पैदाशीला जोडून, आणि आज ती ओळखली जाते लशींसाठी. अंगातून निघालेलं पातळ पाणी, म्हणजे चरकाच्या हिशेबात लसीकेच्याच जवळचं काही. त्या अर्थाने पाहिलं तर दुकानात, दवाखान्यात, शाळेत आपण ज्या-ज्या वस्तूला लस म्हणतो त्यांत जुन्या शब्दाला सगळ्यात जवळची आहे ती सापावरचीच. मथळा लिहिणारा नकळत दोनशे वर्षं मागचं मराठी लिहून जातो.

तरी शेतकऱ्याला सांगताना मी ‘प्रतिविष’च म्हणेन. आणि आधीच का टोचत नाहीत म्हणून त्याने पुन्हा विचारलं, तर सांगेन की लस टोचलेली आहे, फक्त ती घोड्याला.